दाजींनी बांधलेलं इंजिन

दुकानात फोन आला तेव्हा मी मशीनवर क्रँक चढवत होतो. शेठनी काउंटरवरून हाक मारली, "तेरे पिताजी का फोन है." बाबा कधी दुकानात फोन करत नसत. मी चिंधीला हात पुसत धावत गेलो.

"गाडी जाम झाली," बाबा म्हणाले. "खाणीच्या चढावर. पाण्याचा पाइप फुटला आणि त्या ड्रायव्हरने तशीच दामटली. जावयांना सांग, लगेच या म्हणावं."

"मी येतो बाबा."

"तू येऊन काय करणार? तुझी ड्युटी आहे. त्यांना तेवढा निरोप दे."

दाजी ज्या गॅरेजात काम करायचे ते आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून होतं. तिथे फोन नव्हता, म्हणून तो फोन मला आला होता. मी चालत गेलो आणि निरोप दिला. ते एका ट्रकखाली पाठीवर पडून काम करत होते. ऐकताच बाहेर सरकले, पान्यांची पिशवी उचलली आणि निघाले. मी परत येऊन मशीन चालू केलं. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल.

उल्हासनगरच्या त्या दुकानात मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. इंजिनाच्या तळाशी एक जाड, वाकडातिकडा लोखंडी दांडा असतो. पिस्टन वरखाली होतात आणि त्यांच्या जोरावर तो फिरतो, तोच क्रँक. झिजलेले, चरे पडलेले क्रँक आमच्याकडे यायचे आणि मी ते घासून गुळगुळीत करून द्यायचो. केसाच्या जाडीहून कमी फरकही माझ्या मापात चालत नसे. कल्याणपासून बदलापूरपर्यंतचे मिस्त्री क्रँक घेऊन यायचे, पण त्यांना ओळख होती ती दुकानाची. मी आतल्या बाजूला, मशीनच्या आवाजात असायचो.

खरं तर मला गॅरेजातच जायचं होतं. दहावीनंतर तसं बोललोही होतो. बाबा तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. म्हणाले, "माझे हात काळे झाले तेवढे पुरे. तू सर्टिफिकेट घे." मी आयटीआय केलं, सर्टिफिकेट घेतलं. मग बाबांचा कारखाना बंद पडला आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी एक जुना ट्रक घेतला. आनंदनगरच्या कंपन्यांचा माल आणि खाणीतली खडी, जे मिळेल ते वाहायचं. त्याच सुमाराला धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि घरात दाजी आले. सातवी शिकलेले, सांगलीकडच्या एका गावातून आलेले. हात कोपरापर्यंत काळे. बाबा त्या हातांकडे कौतुकाने बघायचे.

बाबा मला तू म्हणत आणि त्यांना तुम्ही. जावयाला तसंच म्हणतात, यात काही विशेष नाही. पण ट्रकबद्दल काही विचारायचं झालं की ते मला ओलांडून त्यांच्याकडे बघत, ते मात्र मला दिसायचं. एका रविवारी जेवताना बायको म्हणाली, "तुम्ही सकाळपासून दाजींबद्दलच बोलताय. तुम्हाला कळतंय का?" मला कळत नव्हतं.

ट्रक ओढून शिरगावला आणला. आमच्या घराशेजारी तेव्हा मोकळा प्लॉट होता. दाजींनी तीन उंच खांबांची तिपाई उभी केली, साखळी लावून इंजिन उतरवलं आणि लाकडी ओंडक्यांवर ठेवलं. गॅरेजातून त्यांनी आठ-दहा दिवसांची सुट्टी काढली होती आणि बहीण-मुलांसकट ते आमच्याकडेच राहायला आले होते. बाबा प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे. शेजारचे दोघे-तिघे येऊन उभे राहायचे. मी संध्याकाळी कामावरून यायचो तेव्हा अंगणात हे सगळं भरलेलं असायचं आणि माझी चहाची कपबशी कोणाच्या तरी हातात असायची.

इंजिनाची हालत वाईट होती. दोन पिस्टन नळकांड्यांत चिकटून बसले होते, वरचं हेड तडकलं होतं, तेल जळून डांबर झालं होतं. क्रँकवर बोटाला लागतील असे चरे होते. दाजींनी सगळे भाग गोणपाटावर ओळीने मांडले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत उकिडवे बसले. मग म्हणाले, "बाबा, एवढं उघडलंच आहे तर टर्बो बसवू या का?"

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं एक चक्र. ते इंजिनात जास्त हवा कोंबतं. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. त्या काळात नव्या गाड्या तशाच येत होत्या. खाणीच्या चढावर बाबांचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत असायचा आणि नव्या गाड्या हॉर्न देत पुढे जायच्या. आपल्याला बाजूला घ्यायला लावतात याचा बाबांना फार राग होता. त्यांचा चेहरा लगेच उजळला.

"चालेल आपल्या इंजिनाला?"

"तसाच लावला तर नाही चालणार. पिस्टन टर्बोचे टाकायचे, डिझेलचा पंप नव्याने सेट करायचा, तेलाची वेगळी लाइन द्यायची, रेडिएटर मोठा. मी चार गाड्यांना केलंय."

"इंजिनाचा ब्लॉक जुना आहे," मी मध्येच म्हणालो. "आतल्या भागांवर ताण येईल. जसं होतं तसंच बांधा."

मी बोललो ते चूक नव्हतं. पण मी का बोललो ते मला माहीत होतं. बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"तुला गाडीतलं काय कळतं? तू दिवसभर एक दांडा घासतोस."

शेजारी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. दाजी पटकन म्हणाले, "नाही बाबा, दादांचं बरोबर आहे. ताण येणारच. म्हणून तर क्रँक दादांकडेच द्यायचा." त्यांनी मला सावरून घेतलं, आणि त्यांनी सावरून घ्यावं लागलं याचाच मला जास्त राग आला.

रविवारी दाजी मला उल्हासनगरच्या जुन्या मालाच्या बाजारात घेऊन गेले. मी बारा वर्षं त्या रस्त्याने जात-येत होतो, पण त्या दिवशी मला कळलं की तो रस्ता त्यांचा आहे. प्रत्येक दुकानातून कोणी ना कोणी हात वर करत होतं. "आओ उस्ताद." एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने आतून तीन टर्बो काढून समोर ठेवले. दाजींनी एकेकाच्या चक्राला बोटाने हळूच धक्का दिला, मग दांडी धरून वरखाली, आतबाहेर हलवून बघितली. पहिला ठेवून दिला. दुसरा ठेवून दिला. तिसरा कानाजवळ नेऊन फिरवला. "ये चलेगा." दुकानदार हसला, "साईं, मालूम था आप यही उठाओगे." मग चहा मागवला. माझ्याकडे बघून त्याने दाजींना विचारलं, "ये आपके साथ काम सीखता है?"

"बडे भाई हैं मेरे," दाजी म्हणाले. "क्रँक का काम करते हैं, पूरे उल्हासनगर में इनके जैसा हाथ नहीं."

मी चहा प्यायलो नाही. गरम आहे म्हणून ठेवला आणि तसाच राहू दिला.

सोमवारी क्रँक आमच्या दुकानात आला. मी तो जीव लावून घासला, हे मला सांगितलं पाहिजे. दोन दिवस लागले. माप अगदी नेमकं आलं, पृष्ठभाग आरशासारखा. शेवटी चिरेची तपासणी करायची असते. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी यंत्रं असतात, आम्ही खडूने करायचो. क्रँकला रॉकेल लावायचं, जरा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, वरून खडू घासायचा आणि लाकडी हातोडीने हळूहळू ठोकायचं. कुठे चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर उमटतं.

चौथ्या जोडाच्या कोपऱ्यात ते उमटलं. अंगठ्याच्या नखाएवढी लांब, केसासारखी बारीक ओली रेघ.

मी पुसून पुन्हा केलं. पुन्हा तिथेच आली.

असा क्रँक कामाचा नसतो. दुसऱ्या कोणाचा असता तर मी त्यावर लाल रंगाची फुली मारून बाजूला टाकला असता आणि मिस्त्रीला सांगितलं असतं, दुसरा बघ. जुन्या ताकदीवर तो कदाचित काही वर्षं चालला असता. टर्बोच्या जोरावर, भरलेल्या गाडीत, चढावर तो तुटणार होता. दोन महिन्यांत की दोन फेऱ्यांत, एवढंच ठरायचं होतं. आणि तुटला की लोक एकच गोष्ट म्हणणार होते : टर्बो बसवायला नको होता, जुन्या इंजिनाला झेपला नाही. मी म्हणालोच होतो. सगळ्यांसमोर म्हणालो होतो.

हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं. शेठनी काउंटरवरून विचारलं, "हो गया क्या?"

"हो गया," मी म्हणालो आणि चिंधीने खडू पुसून टाकला.

संध्याकाळी दाजी क्रँक न्यायला आले. आरशासारख्या त्या लोखंडावरून त्यांनी तळहात फिरवला, पण माप घेतलं नाही, काही तपासलं नाही. "खडू मारला ना दादा?"

"मारला."

"मग झालं," म्हणाले आणि क्रँक खांद्यावर घेऊन रिक्षाकडे गेले.

पुढचे पाच दिवस इंजिन बांधणं चाललं. मी येऊन बाजूला उभा राहायचो. बेअरिंग तेलात बुडवून बसवणं, एकेक बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणं, पिस्टन सोडल्यावर क्रँक हाताने फिरवून कुठे अडतो का बघणं. ते काम बघत राहावं असंच होतं. कुठे घाई नव्हती, आणि एकही पाना हातातून सुटला नाही. बहीण दाराच्या पायरीवर धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची आणि नवऱ्याकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "दादा, तुला आठवतं, तू लहानपणी डबे जोडून इंजिन करायचास?" मी नाही म्हणालो. मला आठवत होतं.

सांगायची संधी रोज होती. मी स्वतःला रोज वेगळं कारण दिलं. अजून इंजिन गाडीत चढलेलं नाही. कदाचित ती चीर नसेल, नुसता ओरखडा असेल. बारा वर्षांत मी ओरखडा आणि चीर यात कधी चुकलो नव्हतो.

इंजिन चालू झालं तेव्हा माझी शिफ्ट सुटून मी नुकताच पोचलो होतो. पहिल्यांदा पांढरा धूर आला, मग ते स्थिरावलं आणि त्याच्या मागून एक बारीक शिट्टीसारखा आवाज चढू लागला. टर्बोचा. बाबा खुर्चीतून उठून गाडीच्या तोंडाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. बहिणीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. बाबांनी स्वतःच्या हाताने दाजींना साखर भरवली. मला त्यांनी कधी काही भरवल्याचं मला आठवत नाही, लहानपणी भरवलं असेल.

रिकामी गाडी घेऊन आम्ही चक्कर मारायला निघालो. बाबा चालवत होते, त्या ड्रायव्हरला त्यांनी काढून टाकलं होतं. मध्ये दाजी, खिडकीशी मी. अंबरनाथच्या बाजूला एक छोटा चढ लागतो, तिथे आमचा ट्रक नेहमी गिअर मागायचा. त्या दिवशी बाबांनी तिसऱ्यातच पाय दाबला आणि गाडी शिट्टी वाजवत वर गेली. बाबा हसले. एक हात स्टिअरिंगवरून काढून त्यांनी दाजींच्या गुडघ्यावर थाप मारली. "काय बांधलंय इंजिन. माझ्या पोटी असा मुलगा असता तर कारखाना बंद पडल्याचंही दुःख झालं नसतं मला."

त्यांना मी शेजारी आहे हे आठवत नव्हतं असं नाही. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. दाजी खाली बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि माझ्या पायाखाली, पत्र्याच्या पलीकडे, ती रेघ फिरत होती. आता क्रँक तुटला तर बरं, असं माझ्या मनात आलं. आता, रिकाम्या गाडीत, याच रस्त्यावर, यांच्या देखत. मी ते खोडलं नाही. घरी पोचेपर्यंत तेच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीतून पहिली खडी भरायची होती. मी कामाला निघण्याआधी बाबा कपडे करून तयार होते. नवीन टोपी घातली होती. मी त्यांना चपला घालताना पाहिलं. खाणीचा चढ अरुंद आहे, एका बाजूला पंचवीस-तीस फुटांचा खड्डा. भरलेली गाडी तिथे अर्ध्यावर बंद पडली तर मागे घरंगळते. ब्रेक लागला तर लागला.

दाजी मागच्या बाजूला नळावर तोंड धूत होते. मी त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"दाजी, क्रँकला चीर आहे."

त्यांनी नळ बंद केला. "कुठे?"

"चौथ्या जोडाला, कोपऱ्यात."

"कधी बघितली?"

"खडू मारला तेव्हा."

त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, त्यांनी ते पुसलं नाही. मला वाटलं, आता हात उचलतील. उचलला असता तरी मी काही केलं नसतं.

"मग आज का सांगताय?"

"बाबा चालवणार आहेत म्हणून."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि मी चालवणार असतो तर?"

काहीतरी बोलायला हवं होतं, खोटं तरी. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं आणि माझ्या बाजूने निघून अंगणात गेले.

बाबा केबिनमध्ये चढले होते. दाजींनी खालून सांगितलं, "बाबा, गाडी नेऊ नका. इंजिन परत उतरवायला लागेल."

"का?"

"काल चढावर एक आवाज आला मला. खालून. क्रँकवर शंका आहे."

मी दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबा चिडले. त्यांनी खाणीवर सांगून ठेवलं होतं, लोक वाट बघत होते. केबिनमधूनच बोलायला लागले. "काल तर म्हणालात सगळं ठीक आहे. दहा दिवस घालवले ते कशासाठी? तुम्हाला नीट जमत नव्हतं तर हात का घातलात?" शेजारी बाहेर आले. बहीण दारात आली. लग्नानंतर पहिल्यांदा बाबा त्यांच्यावर आवाज चढवून बोलत होते, आणि दाजी मान खाली घालून ऐकत होते. "चुकलं बाबा. चार दिवस द्या."

मला तेव्हा काय वाटलं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला लाज वाटली, पण त्याआधी बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. लाज त्यानंतर आली. मी पुढे होऊन खरं सांगायला हवं होतं. मी डबा उचलला आणि कामावर गेलो.

दाजींनी एकट्याने इंजिन पुन्हा उतरवलं. दुसऱ्या एका जुन्या इंजिनाचा क्रँक बाजारातून शोधून आणला आणि दुकानात घेऊन आले. मी तो मशीनवर लावण्याआधीच खडू मारला, घासून झाल्यावर पुन्हा मारला. कुठे काही नव्हतं. संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा मी म्हणालो, "दोनदा बघितलाय."

"हो," ते म्हणाले. मग खिशातून खडू काढला.

त्यांनी रॉकेल मागितलं. मी दिलं. माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर त्यांनी पहिल्यापासून सगळं केलं. लावलं, थांबले, पुसलं, खडू घासला, ठोकलं, बॅटरी लावून सगळे जोड बघितले. शेठ काउंटरवरून मान उंचावून बघत होते, त्यांना कळेना हे काय चाललंय. मी हातोडी धरून उभा होतो. समाधान झाल्यावर दाजींनी खडू पुसला आणि क्रँक खांद्यावर घेतला. जाताना म्हणाले, "येतो दादा." आवाज नेहमीसारखाच होता. त्यानंतर कित्येक वर्षं ते माझ्याकडे क्रँक आणत राहिले आणि प्रत्येक वेळी स्वतः तपासून नेत राहिले. पुन्हा कधी "मग झालं" म्हणाले नाहीत.

गाडी उत्तम चालली. खाणीच्या चढावर बाबा नव्या गाड्यांच्या मागे चिकटून जायचे आणि हॉर्न द्यायचे. दाजींनी बहिणीलाही काही सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर ती माझ्याशी तशी बोलली नसती, जशी ती अजून बोलते.

बाबांना मात्र सांगायला एक गोष्ट मिळाली. जुना क्रँक त्यांनी भंगारात जाऊ दिला नाही. दाजींनी त्यावर खडू मारून ती रेघ त्यांना दाखवली होती. घरी कोणी आलं की बाबा तो दांडा दाराआडून काढून दाखवायचे. "ही चीर बघा. डोळ्यांना दिसत नाही. आमच्या जावयांनी चालत्या गाडीत, नुसत्या आवाजावरून ओळखली. माझा जीव वाचवला त्यांनी." पाहुणे दांड्याकडे बघायचे, मग दाजींकडे. दाजी उठून पाणी प्यायला आत जायचे.

एकदा कोणीतरी विचारलं, "पण मशीनवर ज्याने घासला त्याला नाही दिसली?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला कशी दिसणार? त्याला तो कान नाही."

ती गोष्ट खोटी आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. आणि तरीही, ती ऐकताना, मला दाजींचा हेवा वाटत होता. जो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, त्या आवाजासाठीसुद्धा.